एका टायमाला एकच नट

कॉम्प्युटरनं शिवी दिलेली मला चालते. निळा पडदा टाका, लाल फुली दाखवा, इंग्रजीत चार ओळी खरडा, काय वाट्टेल ते करा. पण डबल क्लिक केल्यावर कर्सरजवळ ते गोल चक्र क्षणभर फिरायचं, थांबायचं, आणि त्यानंतर काहीच नाही, हे माझ्या डोक्यात जातं. वॉलपेपर जागच्या जागी, घड्याळ चालू, सगळं कसं सोज्वळ. उंबऱ्यापर्यंत येऊन चप्पलही न काढता परत फिरलेल्या पाहुण्यासारखं. अरे, आलाच होतास तर निदान का चाललास ते तरी सांग!

दिवाळीच्या आधी माळा आवरताना सीड्यांचं एक रेक्झिनचं पाऊच सापडलं होतं. त्यात कुणाच्या तरी लग्नाच्या दोन सीड्या (वधू-वर दोघेही अनोळखी), एक अँटिव्हायरस आणि काळ्या मार्करनं 'व्हाइस सिटी' लिहिलेली एक चकती, म्हणजे आमच्या लहानपणीचा गाड्या पळवायचा गेम. अक्षर दादाचं. ती कुठून आली होती हे तेव्हा कुणी कुणाला विचारत नव्हतं, आत्ताही विचारू नये. गंमत म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या अस्सल सीड्यांचे हाल याहून वाईट आहेत. त्या काळच्या कितीतरी गेमच्या सीड्यांवर नक्कल होऊ नये म्हणून 'सेफडिस्क' नावाचं कुलूप असायचं, आणि त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोज १० नं २०१५ मध्ये सुरक्षेचं कारण देऊन घरातच घेतला नाही. म्हणजे प्रामाणिक माणूस बाहेर आणि आमच्यासारखे, कुलूप आधीच तोडलेली नक्कल बाळगणारे, आत.

आत म्हणजे तरी कुठं! रविवारची दुपार, पांढरा रस्सा रिचवून सगळं घर आडवं झालेलं. मी सोप्यात लॅपटॉपला उसना सीडी ड्राइव्ह जोडून बसले. गेम चढला. पहिल्यांदा चक्क उघडलासुद्धा. ती गुलाबी अक्षरं, तो संगीताचा तुकडा, अंगावर काटाच आला. चित्र आडवं ताणल्यासारखं दिसत होतं म्हणून सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन बदललं, बाहेर पडले, पुन्हा क्लिक केलं. चक्र फिरलं. थांबलं. बास.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक रोजनिशी असते, तिच्यात कोण कधी कशानं पडलं याची नोंद होते. उघडून बघितली तर आमच्या गेमच्या नावापुढं कोड होता: सी, मग शून्यांची रांग आणि शेवटी पाच. त्याचा अर्थ इतकाच की प्रोग्रामनं मेमरीत जिथं हात घालायची परवानगी नाही तिथं हात घातला. कुठं, कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून, ते नाही.

आता इथं सरळ उपाय होता. भाचा दिवाळीच्या सुट्टीत घरातच लोळत होता, त्यानं मोबाइलवरून डोकं न उचलता तो सांगितलाही. "आत्या, नवीन एडिशन घे की. एका मिनिटात चालतंय." मला नवीन नको होती. जुनीच पाहिजे होती, गेममधल्या रेडिओवरच्या सगळ्या गाण्यांसकट. गाण्यांच्या हक्कांची मुदत संपली की पुढच्या आवृत्त्यांतून ती गुपचूप काढून टाकतात, तशी या गेममधलीही काही गेली. आणि ती नवी एडिशन २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आली तेव्हा कॉम्प्युटरवरची आवृत्ती लगेच काही दिवस मागं घ्यावी लागली होती, हे मी त्याला सुनावलं. त्यानं "असू दे की" म्हणून कूस बदलली.

माझे थोरले काका उद्यमनगरात होते. छोटा शेड, एक लेथ, आणि दुरुस्तीला आलेली शेतावरची ऑइल इंजिनं. शाळेच्या सुट्टीत डबा घेऊन मी जायचे आणि डबा रिकामा होईपर्यंत तिथंच रेंगाळायचे. इंजिन नीट चालेना झालं की काका आधी हत्यार उचलत नसत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवायचे, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. मग टोक दुसरीकडे. मग आणखी तिसरीकडे. त्यानंतर खिशातून खडूचा तुकडा काढून एका नटावर आणि त्याच्या बाजूच्या लोखंडावर मिळून एकच पांढरी रेघ ओढायची. नट किती फिरवला ते रेघ तुटली की दिसतं, आणि नाही जमलं तर रेघ जुळवली की काम भागलं, नट होता तिथं आला. "एका टायमाला एकच नट," ते म्हणायचे. "दोन फिरवलास तर बरं कशानं झालं ते कळंल व्हय?" पोरगं असो पोरगी असो, शेडमध्ये ते सगळ्यांशी 'फिरवलास'च बोलायचे.

गिऱ्हाइकाला इंजिन चाललं की झालं, हे काकांना माहीत होतं. तरी ते कारण सापडेपर्यंत सोडायचे नाहीत, आणि त्यापायी त्यांचा धंदा किती बसला ते काकूला विचारा. मी शाहूपुरीत एका ऑफिसात हिशेब लिहिते. टॅलीत ताळा एका रुपयानं चुकला तरी मला जेवण जात नाही. फरक सापडेना की तो सस्पेन्स खात्यात ढकलून मोकळं व्हायची सोय असते. बरोबरची मंडळी बिनदिक्कत ढकलतात. माझा हात त्या खात्याकडे जात नाही.

तर मी काकांच्या पद्धतीनं लागले. आधी कंपॅटिबिलिटी मोडमध्ये, म्हणजे विंडोजला जुन्या विंडोजचं सोंग घ्यायला लावतात तिथं, विंडोज एक्सपी निवडलं. नाही. टिक काढली. मग 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. नाही. काढली. मग गेमचा फोल्डर प्रोग्राम फाइल्समधून उचलून बाहेर ठेवला, कारण जुन्या गेमना आपल्याच फोल्डरात लिहायची खोड असते आणि नवी विंडोज तिथं कुणाला सहजी लिहू देत नाही. नाही. परत जागेवर. कागदावर नोंद. खडू नव्हता, बॉलपेन होतं.

खरं सांगायचं तर हा गेम मी कधी खेळलेच नाही. कीबोर्ड दादाचा, माझ्याकडं वही. कॉम्प्युटर सोप्याच्या कोपऱ्यात, त्यावर आईनं विणलेलं झाकण. राजारामपुरीतल्या नेट कॅफेतून उतरवून आणलेले चीट कोड त्या वहीत होते आणि ते एकेक अक्षर करून ओरडायचं काम माझं. "पी! ए! एन! झेड!" कोड लिहायला चौकट वगैरे काही नाही, खेळता खेळता सरळ आंधळ्यासारखं टाइप करायचं. त्यातलीच काही अक्षरं चालण्याची बटणं, त्यामुळं ए दाबला की तो माणूस डावीकडं सरकायचा. आर संपला की वरून धप्पकन रणगाडा पडायचा आणि आम्ही दोघंही दचकायचो, दर वेळी. तब्येत सुधारायचा कोड अ‍ॅस्पिरिन, पण शेवटी एक जादा ई. तो विसरला की दादा मरायचा आणि शिव्या मला. आणखी एका कोडनं गाड्या पाण्यावरून पळायच्या. रंकाळ्याच्या कठड्याशी सायकल टेकवून दादा एकदा बराच वेळ पाण्याकडं बघत उभा होता, मी काय ते ओळखलं होतं.

मायामीसारखं शहर, साल १९८६, बनवणारे लोक स्कॉटलंडमध्ये एडिंबराला बसलेले आणि खेळणारे आम्ही मंगळवार पेठेत, भारनियमनात. या गेममध्ये मनात येईल तिथं सेव्ह करता येत नाही, मुक्कामाच्या हॉटेलात जाऊन तिथल्या कॅसेटच्या चिन्हावर उभं राहावं लागतं. लाइट गेली की यूपीएस टींऽ टींऽ करायला लागायचा आणि दादा शहराच्या त्या टोकाला असायचा. मग जी गाडी सुटायची! सिग्नल नाही, फुटपाथ नाही, माणूस नाही. मी यूपीएसवर हात ठेवून बसायचे, जणू त्यानं बॅटरी जास्त टिकणार होती. कधी हॉटेलचं दार दिसायला आणि पडदा काळा व्हायला एकच गाठ पडायची. आई आतून मेणबत्ती घेऊन यायची आणि विचारायची, "कोण मेलं?"

याच घराण्यातल्या पुढच्या गेमची, सॅन अँड्रियासची, एक गोष्ट मी २०२५ मध्ये वाचली ती डोक्यातून जात नाही. विंडोज ११ चं एक मोठं अपडेट आलं आणि त्या गेममधलं पाण्यावर उतरणारं स्किमर विमान गायब झालं. लोक म्हणाले, अपडेटनं बिघडवलं. जुन्या गेमची फुकटात डागडुजी करणारा 'सायलेंट' या नावाचा एक गडी आहे, त्यानं खणून काढलं. प्रत्येक वाहनाची एका फाइलीत ओळ असते, तिच्यात चाकांच्या मापाचे आकडे. व्हाइस सिटीत हे विमान कागदोपत्री होडी होतं, होडीला चाकं नसतात, म्हणून आकडे नाहीत. सॅन अँड्रियासमध्ये त्याचं विमान केलं आणि आकडे भरायचे राहिले. मग गेम काय करायचा? त्याच्या आधी वाचलेल्या व्हॅनचे आकडे मेमरीत तसेच पडलेले असायचे, तेच उचलायचा. जवळपास २० वर्षं ते विमान व्हॅनच्या चाकांवर उडत होतं आणि कुणाला पत्ता नाही. नव्या विंडोजनं मेमरीची ती जागा थोडी जास्त वापरली, उष्टे आकडे पुसले गेले, विमान गेलं. दोष पहिल्या दिवसापासूनचा. हे वाचून दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जुनी लेजर उघडून बसले होते, उगाचच.

असो. चहा टाकायला म्हणून उठले आणि परत येते तो सोप्यात रेडिओ वाजतोय. भाच्यानं लॅपटॉप मांडीवर घेतलेला आणि समुद्राकाठच्या रस्त्यावरून मोटरसायकल चाललेली.

"काय केलंस?"

"सगळं."

सगळं म्हणजे एक्सपी मोड, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, फोल्डर बाहेर, विंडोजच्या जुन्या फीचर्समधलं डायरेक्टप्ले चालू, आणि डॉक्युमेंट्समधली, गेम आपली सेटिंग जिथं लिहून ठेवतो ती 'सेट' फाइल उडवलेली. एकाच दमात. कागद नाही, पेन नाही.

त्याच्या हातातून लॅपटॉप घेतला आणि एकेक गोष्ट मागं नेली. एक्सपी मोड काढला, चाललं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर काढलं, चाललं. डायरेक्टप्ले बंद केलं, फोल्डर परत नेला, तरी चाललं. म्हणजे दोष त्या सेट फाइलीत, बहुधा मी बदललेल्या रिझोल्यूशनमध्ये. बहुधा! जुनी फाइल परत ठेवून पुन्हा पाडून बघितल्याशिवाय म्हणायचं कसं?

"फाइल कुठाय ती?"

"डिलीट केली की."

"बिनमध्ये असंल."

"बिन पण रिकामी केली. लई कचरा होता आत्या."

तेवढ्यात दादा डोळे चोळत बाहेर आला. ज्याचा गेम, ज्याचं अक्षर, ज्यानं शहरभर माणसं उडवली, तो पडद्याकडं एक नजर टाकून डब्यातला चिवडा शोधायला लागला. "काय करालीस गं?"

"का चाललं ते बघतीय."

"चालतंय न्हवं? मग झालं की."

कागदावर तारीख घातली आणि खाली लिहिलं: व्हाइस सिटी, सुरू; कारण, सस्पेन्स. आमच्या धंद्यात ते खातं वर्षअखेरीला शून्य करावं लागतं. मार्चपर्यंत वेळ आहे.