बाळ दुबईत जन्मलं, उपचार रत्नागिरीत मिळतील का?

दुबई, दोहा, मस्कतहून कायमची परतणारी कुटुंबं हे हमखास विचारतात: बाळाचा जन्म तिकडचा, मग इथल्या सरकारी आरोग्य योजनेत ते बसतं का? तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहिते.

बसतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूल कुठे जन्मलं हे नाही, रेशनकार्ड बघतात. जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही कार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. म्हणजे खरी धावपळ आहे ती बाळाचं नाव कार्डावर चढवण्याची, आणि ती तिकडे असतानाच सुरू करावी लागते.

नुसत्या तिकडच्या जन्मदाखल्याने मूल भारतीय ठरत नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ प्रमाणे जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत व्हावी लागते. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईवडिलांनी लिहून द्यायचं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. पासपोर्ट हातात आला की लोक हा नोंदणीचा दाखला विसरतात. तसं करू नका, मूळ प्रत सोबत आणा.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम २० मध्ये आणखी एक सोय आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. वकिलातीत नोंद राहून गेली असेल आणि तुम्ही कायमचे राहायला आला असाल, तर बाळ भारतात उतरल्यापासून ६० दिवसांत इथे नोंद करता येते. त्यानंतर उशिरा नोंदणीचे नियम लागतात. मात्र यातून जन्मदाखला मिळतो, नागरिकत्व नाही. दोन्हींची गल्लत झाली की पुढे सगळं अडतं.

मग आधार. पाच वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेत नाहीत. त्याचा भारतीय पासपोर्ट आणि आई किंवा वडिलांचं आधार पुरतं. आधारसाठी आधी १८२ दिवस भारतात राहण्याची अट असते, पण भारतीय पासपोर्ट असेल तर तेवढं थांबावं लागत नाही. नाव मात्र तपासा. आखाती दाखल्यांवर बापाचं, आजोबांचं नाव सलग येतं आणि आडनाव कुठेतरी हरवतं. ते पासपोर्टवर तिकडेच दुरुस्त करून घेतलेलं बरं, कारण पुढे आधार पासपोर्टवरून बनतं आणि रेशनकार्ड आधारवरून.

सर्वांत जास्त दिवस रेशनकार्डाला जातात. गावाकडे तहसील कार्यालयातली पुरवठा शाखा, मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालय. बाळाच्या नावाचा अर्ज भरण्याआधी वडिलांचं नाव कार्डावर शिल्लक आहे का ते पाहा. परदेशी गेला म्हणून ते कमी केलेलं असू शकतं. आईचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असेल तर तिथून ‘नाव कमी केल्याचा दाखला’ आधी आणावा लागतो. वडील, आई, मग बाळ, असा क्रम ठेवा. कागदी कार्डावर नाव लिहून मिळालं म्हणून निर्धास्त होऊ नका. ऑनलाइन नोंदीत ते दिसतं का, हे कार्डाच्या १२ आकडी नंबरावरून बघून घ्या.

कार्ड गुहागरचं असलं तरी मुंबईतल्या योजनेतल्या रुग्णालयात चालतं. तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. भरती होतानाच, अनामत भरण्याआधी, त्याला गाठा. योजना ठरलेल्या यादीतल्या उपचारांसाठी आहे. सर्दी-तापाची बाह्यरुग्ण तपासणी तिच्यात येत नाही.

मुलाकडे अमेरिकेचा पासपोर्ट असेल तर गोष्ट वेगळी. ते भारतीय नागरिक नाही. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) आधारसुद्धा १८२ दिवस इथे राहिल्यावरच मिळतं, आणि ओसीआय म्हणजे रेशनकार्डावर नाव नव्हे. या योजनेच्या भरवशावर राहू नका, खाजगी विमा घ्या. आधीपासून असलेला आजार लपवू नका. त्यासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा खर्च विमा देत नाही तो काळ, जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो.

कागद होईपर्यंत बाळ उघड्यावर पडत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांत, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं यात नाहीत. लसीकरणालाही रेशनकार्ड लागत नाही, फक्त तिकडची लसींची नोंद तारखांसह आणा, म्हणजे राहिलेले डोस तेवढेच द्यायचे. आणि बाळाचं नाव अंगणवाडीत लगेच घाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथे वर्षातून दोनदा येतं, आणि जन्मजात हृदयदोष सापडला तर पुढच्या उपचारांची वाट तेच दाखवतं.