९६ हवे होते, ८८ मिळाले

कालपर्यंत चालणारा पायथॉन प्रोग्राम आज पांडाज (तक्त्यांतला डेटा हाताळणारं पॅकेज) इम्पोर्ट करतानाच आपटतो. एरर सांगते: नमपायच्या (पांडाज ज्यावर उभं आहे ते आकडेमोडीचं पॅकेज) डीटाइपचा, म्हणजे डेटाचा प्रकार नोंदवणाऱ्या रचनेचा, आकार बदललाय, सी हेडरनुसार (कंपाइल करताना वापरलेली सी भाषेतली व्याख्या) ९६ अपेक्षित, मिळाले ८८. बहुतेक जण लगेच सगळं काढून पुन्हा टाकत बसतात. आधी ते दोन आकडे वाचा, निम्मं निदान तिथेच आहे.

नमपाय १ मध्ये ही रचना ९६ बाइटची होती, नमपाय २ मध्ये ८८ ची. म्हणजे तुमचं पांडाज जुन्या नमपायवर कंपाइल झालंय (यंत्राच्या भाषेत बांधलं गेलंय) आणि चालताना त्याच्या वाट्याला नवं आलंय. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं. अनेक जुन्या पॅकेजांनी ‘अमुक आवृत्ती किंवा पुढची’ एवढीच अट लिहिली होती, वरची मर्यादा घातली नव्हती. म्हणून पिपने (पायथॉनची पॅकेजं बसवणारं साधन) बिनतक्रार २ आणून बसवलं. ‘पिप चेक’वर इथे विसंबू नका. तो लिहिलेल्या अटी तपासतो, कंपाइल कशावर झालं ते त्याला दिसतच नाही.

आता नुसतं नमपाय इम्पोर्ट करून त्याची आवृत्ती आणि फाइलचा मार्ग छापा. मार्ग भलत्याच फोल्डरचा निघाला, तर पिप एका पायथॉनचा आणि प्रोग्राम दुसऱ्याच पायथॉनवर, असा घोळ आहे. म्हणून नुसतं ‘पिप’ न लिहिता ज्या पायथॉनने प्रोग्राम चालतो त्याच्याच मार्फत, ‘-एम पिप’ लावून चालवा.

शक्य असेल तर पांडाज २.२.२ किंवा पुढचं घ्या; नमपाय २ शी जुळणारी ती पहिली आवृत्ती. जुना कोड हलवता येत नसेल तर ‘नमपाय<२’ अशी अट घाला, पण अवतरणचिन्हांत. नाहीतर शेल (तुम्ही कमांड टाइप करता तो प्रोग्राम) त्या कोनासारख्या चिन्हाचा अर्थ ‘२ नावाच्या फाइलमधून वाच’ असा घेतं आणि फाइल सापडत नाही म्हणून ओरडतं. ज्युपिटर नोटबुकमध्ये असाल तर कर्नल (मागे कोड चालवणारा पायथॉन) रीस्टार्ट करा, तोवर जुनंच मेमरीत बसलेलं असतं.

पॅकेज सोर्समधून बांधलं असेल तर आणखी एक खोच: पिप स्वतः बांधलेलं व्हील (बसवायला तयार पॅकेज-फाइल) कॅशमध्ये, म्हणजे साठवणीत, ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच पुढे करतो. कॅश टाळून, सक्तीने पुन्हा बांधा. नमपाय २ वर बांधलेलं १ च्या अलीकडच्या आवृत्त्यांवरही चालतं. उलटं चालत नाही.

‘नमपायमध्ये फ्लोट नाही’ ही एरर मात्र वेगळी. ते नाव १.२४ मध्येच काढलं, त्यामुळे ‘<२’ ने काही होणार नाही. कोडमध्ये पायथॉनचं साधं फ्लोट लिहा.