मला ज्युरीतून का काढलं?

पुण्याला गेलो की कुणीतरी विचारतंच, "अमेरिकेत ज्युरीसाठी बोलावलं होतं ना? मग घरी का पाठवलं?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. मला माहीत नाही. आणि ते मला सांगायला तिथे कुणी बांधीलही नव्हतं.

न्यू जर्सीतलं फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्ट, फौजदारी खटला. ज्युरी म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवणारे सामान्य नागरिक; त्यांची निवड चालू होती. न्यायाधीश एकेकाला विचारत होते : काय करता, घरात कुणी पोलिसात आहे का, कधी चोरी झालीय का. शेजारच्या बाईंचा मुलगा पोलीस. "पोलीस खोटं बोलेल असं मला वाटूच शकत नाही," त्या म्हणाल्या आणि सुटल्या. हे झालं सकारण काढणं. अशा हरकतींना मर्यादा नाही, न्यायाधीशांना पटलं की झालं.

दुसरा प्रकार बिनकारणाचा. फाशीची शक्यता नसलेल्या गंभीर गुन्ह्यात बचाव पक्षाला असे 10 'स्ट्राइक', म्हणजे नावं खोडायची मुभा, सरकारला 6. वकील कागदावर खूण करतात, नंबर पुकारला जातो, थँक यू. कुठल्या बाजूनं मला खोडलं तेही कळलं नाही. की माझी मान 'हो' म्हणताना आडवी हलते म्हणून?

वर्णावरून मात्र काढता येत नाही, अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या 1986च्या बॅट्सन निकालापासून. केंटकीतल्या त्या खटल्यात सरकारी वकिलानं चारही कृष्णवर्णीयांना खोडलं होतं. पण समोरच्यानं हरकत घेतली तरच कारण द्यावं लागतं, आणि वकिलाला कारण सुचायला कितीसा वेळ लागतो! जॉर्जियातल्या फॉस्टर खटल्यात सरकारी पक्षाच्या यादीत कृष्णवर्णीयांची नावं हिरव्या रंगानं रंगवलेली सापडली. खटला 1987चा, सुप्रीम कोर्टानं दखल घेतली 2016ला.

आपल्याला हे नवं नाही. इंग्रजांच्या काळात आपल्याकडेही ज्युरी असे. 1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार हायकोर्टात दोन्ही बाजूंना कारण न देता आठ-आठ नावं नाकारता येत. तरीही 1908मध्ये टिळकांच्या मराठी अग्रलेखांचा न्याय करायला बसले सात युरोपियन आणि दोन पारशी. सातास दोन, दोषी.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यानं 2022पासून बिनकारण स्ट्राइक बंदच केले. मला ते पटतं. बचाव पक्षाचे वकील असलेले माझे एक मित्र मात्र चिडतात, "आमच्या हातातली एकुलती एक काठी काढून घेतली!" त्यांना विचारलं, मला ठेवलं असतंत?

"इंजिनिअर? छे."