थ्री फेजच्या घरातलं टाइमटेबल

शनिवार, रात्री

आज कॉलेजात वेळेच्या नियोजनावर व्याख्यान झालं. पाहुणे बोलले छान, खोटं कशाला बोला. पण "चोवीस तास सगळ्यांना सारखेच मिळतात" हे वाक्य आलं आणि माझं लक्ष उडालं. तास सारखे, मान्य. ते कुणाच्या ताब्यात असतात? वर्गातली एक मैत्रीण बेळगावातच, टिळकवाडीत खोली घेऊन राहते. तिची संध्याकाळ तिची. माझी संध्याकाळ आधी बसची, मग गोठ्याची, मग आजीच्या गोळ्यांची आणि उरली तर माझी.

बेळगावजवळच्या उचगावात आमच्या घरात खरं चालतं ते एकच टाइमटेबल, शेतातल्या पंपाला पाळीपाळीनं येणाऱ्या थ्री फेज करंटचं. करंट रात्रीचा असला की बाबा रात्री भाजीपाल्याला पाणी सोडायला जाणार. मग जेवण कधी, दार कोण उघडणार, सकाळी धार कोण काढणार, सगळं त्यावरच. पाळी बदलली की घर बदलतं. अशा घरात भिंतीवर 'रात्री ८ ते १० कॉस्टिंग' (उत्पादन खर्चाच्या हिशेबाचा विषय) असं लिहून चिकटवायचं म्हणजे वाऱ्याला दोर बांधणं. यूट्यूबवरचे लोक पहाटे पाचला उठायला सांगतात. आमच्यात पाचला सगळेच उठतात. अभ्यासाला म्हणून कुणी उठत नाही, एवढंच.

म्हणून मी तासांचा नाद सोडला आणि कामांची वाटणी केली. कुठलं काम तुटक वेळेत होतं आणि कुठल्याला सलग बैठक लागते, एवढं एकदा कळलं की अर्धी कटकट मिटते. थिअरी तुटक चालते. ऑडिटिंगमधलं व्हाउचिंग, म्हणजे पावत्यांवरून नोंदी तपासणं, कंपनी लॉमधल्या सभांचे प्रकार हे मी स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ठेवते, मराठी-इंग्रजी मिसळून, जसं कुणाला समजावून सांगावं तसं. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि बी.कॉम.ला इंग्रजी पुस्तकं, त्यामुळे हे समजावणं मलाच लागतं. बसमध्ये एका कानात तेच. दुसरा कान मोकळा, कारण "पुढे सरका" ऐकू यायला हवं.

बसमध्ये पुस्तक उघडणं विसरायचं. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला आणि गर्दी वाढली, हे खरं. मुलं पासाचे पैसे भरतात आणि लटकत येतात, त्यांची कुरकुरही मला पटते. पण शून्य रुपयाच्या त्या तिकिटावर बेक्किनकेरे गावची माझी मैत्रीण आज डिग्रीला आहे; घरात तिच्या बसखर्चावरून रोज वाद व्हायचा, तो थांबला. हिंडलग्यापर्यंत उभं राहायला लागतं, लागू दे.

कॉस्टिंगचा प्रॉब्लेम मात्र बसमध्ये होत नाही आणि घरीही होत नाही. प्रोसेस अकाउंट मांडला, नॉर्मल लॉस वजा केला, ॲबनॉर्मल लॉसचा दर काढायला घेतला आणि तेवढ्यात "पाणी आलं बघ गे" अशी हाक आली, की परत येऊन पहिल्या ओळीपासून. मध्ये गेलेली पाच मिनिटं पाचच असतात, पण डोक्यात धरून ठेवलेले आकडे जातात ते जातातच. म्हणून प्रॉब्लेम फक्त कॉलेजच्या लायब्ररीत, मधल्या रिकाम्या तासाला, फोन सॅकच्या तळाशी टाकून. कँटीनला कमी जाते, मैत्रिणी नावं ठेवतात. ठेवू देत.

पाहुण्यांनी पोमोडोरोही सांगितलं. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्यानं १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती. लायब्ररीत हे चालतं. आमच्या स्वयंपाकघरात घड्याळापेक्षा कुकर मोठा.

मला जास्त पटलं ते दुसरंच, मागे वाचलेलं. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ च्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, कधी संपेल? सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर किती, असं विचारल्यावर साधारण ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर! म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमीच पडला. काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी या खोडीकडे १९७९ मध्येच बोट दाखवलं होतं: आपण काम डोळ्यांसमोर आणतो ते सुरळीत चाललेलं, आणि मागच्या वेळी काय झालं होतं हे हिशेबात धरत नाही. तेव्हापासून असाइनमेंटला किती वेळ लागेल हे मी मनाला विचारत नाही, मागच्या असाइनमेंटला विचारते. वहीच्या शेवटच्या पानावर सुरू केल्याची आणि दिल्याची तारीख लिहिलेली असते. ते पान बघितलं की 'दोन दिवसांत होईल' असं म्हणायचं धाडस होत नाही.

आणि इथलं कॅलेंडर वेगळं. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव, एकीकडे सीमाभागातल्या मराठी लोकांचा निषेधाचा काळा दिन. त्या दिवशी बेळगावला जाऊन अभ्यासाचं काही करीन असं मी धरतच नाही. त्यानंतर सुगी. भातकापणी, मळणी आणि सेमिस्टरची परीक्षा एकाच सुमाराला येतात. परीक्षेचं वेळापत्रक लावणाऱ्यांच्या घरी भात नसणार बहुतेक. म्हणून अवघड युनिट दिवाळीच्या आधी उरकायचं आणि सुगीत फक्त उजळणी ठेवायची. यंदा मार्जिनल कॉस्टिंग आधी झालंय, बजेटरी कंट्रोल राहिलंय.

उद्या रविवार, आमची मळणी. वहीत उद्याच्या पानावर मी बजेटरी कंट्रोल लिहिलेलंच नाही, फक्त रेकॉर्डिंग ऐकायचं एवढंच. मशीन सकाळी येतंय की दुपारी, हे बाबांना विचारायला हवं. दुपारी येणार असेल तर आधी कपडे धुऊन घेते, म्हणजे सोमवारची पहिली बस गाठता येईल.