नादकाटा आणि डावा अंगठा

श्रावण, रविवार. रात्री साडेदहा.

बेळगावात आज दिवसभर पावसाची झड लागून होती. शहापुरातल्या आमच्या जुन्या घराची फरशी इतकी गार पडली होती की घरातली सगळी माणसे पाय उचलून चालत होती. मला मात्र तो गारवा कळला नाही, कळत होती ती आग. पायाला स्पर्श लागत नाही आणि तरीही तो जळतो, असे सांगितले की ऐकणाऱ्याला मी काहीतरी चुकीचे बोलतो आहे असे वाटते. मधुमेहाने पायांच्या नसा खराब झाल्या की दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात, हे पटायला मलाही वर्ष लागले.

पहिली तपासणी अजून डोळ्यांपुढे आहे. कन्नडभाषक डॉक्टरांनी ‘जोमु’ की ‘उरी’ असे विचारले, मी ‘मुंग्या आणि आग, दोन्ही’ असे सांगितले, आणि सीमाभागातच जन्म काढलेल्या आम्हा दोघांचे काही अडले नाही. मग त्यांनी खणातून नादकाटा काढला. तीस वर्षे मराठी शाळेत विज्ञान शिकवताना रबरी ठोकळ्यावर नादकाटा आपटून त्याची थरथर मुलांना दाखवणे हा माझा आवडता प्रयोग होता. हा 128 हर्ट्झचा काटा घोट्याच्या हाडावर टेकवला तेव्हा थरथर लागली. डाव्या अंगठ्यावर टेकवला तेव्हा काटा हलताना दिसत होता, पण अंगठ्याला त्याचा पत्ताच नव्हता. दहा ग्रॅम भाराला वाकणारा नायलॉनचा धागाही तळव्याला कळला नाही. पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा सर्वांत लांब, म्हणून बिघाड तिथे आधी दिसतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो, हे डॉक्टरांनी समजावले. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षे घेतल्याने बी-12 जीवनसत्त्वही कमी झालेले निघाले. ती उणीव इंजेक्शनांनी भरून आली. साखरेने केलेले नुकसान तसे भरून येत नाही, साखर आवरली तर त्याचा वेग मंदावतो इतकेच.

रात्रीच्या आगीसाठी प्रिगॅबालिनची 75 मिलिग्रॅमची गोळी आहे. पहिला आठवडा झिंगल्यासारखा गेला. आग पूर्ण गेली नाही, पण चादरीचा स्पर्शसुद्धा सहन होऊ नये अशा रात्री कमी झाल्या.

खरी धास्ती आहे ती बधिरपणाची. गेल्या वर्षी नातवाचा चिंचोका माझ्या बुटात पडला आणि मी तो पायाखाली घेऊन खडे बाजारापर्यंत जाऊन परत आलो. मोजा काढला तेव्हा तळव्याला फोड फुटलेला. जखम भरायला पाच आठवडे लागले. दोष नातवाचा नव्हे, बूट न झटकता घालणाऱ्या माझा. तेव्हापासून डाग लगेच दिसावा म्हणून मोजे पांढरेच घेतो, घरातसुद्धा एमसीआरची, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल घालतो, आणि शेजारी कितीही आग्रह करोत, गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकत नाही. डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, कारण जमिनीची खबर पायांकडून येत नाही. म्हणून एक हात भिंतीला ठेवावा लागतो. (विद्यार्थ्यांना हे तोलाचे शास्त्र मी कधी नीट शिकवले नव्हते.)

उद्या श्रावणी सोमवार, कपिलेश्वराचे दर्शन. ओल्या फरशीवर अनवाणी चालणे आता मला परवडत नाही आणि देवळात मोजे घालून जाणे जिवाला खटकते. ही म्हणाली, “अहो, देव तुमचे मोजे बघत बसणार आहे का?” जाड मोजे घालून पहाटेच, गर्दीआधी जाऊन येतो, भिजले तर बदलायला कोरडा जोड पिशवीत ठेवला आहे.

आरसा धरून तळवे पाहिले. उजवा ठीक. डाव्या टाचेची भेग कालच्याइतकीच. बोटांच्या बेचक्या सोडून तेल लावले.