मिठाच्या पाण्यातला उजेड

'स्नेहसंमेलन' हा शब्द आमच्या शाळेत फक्त निमंत्रणपत्रिकेवर असायचा. एरवी सगळ्यांच्या तोंडी गॅदरिंगच. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की चार दिवसांत कुणीतरी विचारायचंच, "यंदा नाटकात कोण कोण?" आणि माझ्या पोटात गोळा यायचा.

पटांगणात बाकं जोडायची, वर फळ्या, फळ्यांवर जाजम, झालं स्टेज. समोर सतरंज्यांवर पोरं, मागं शाली-कानटोप्या घातलेले पालक. ईशस्तवन, स्वागतगीत, पाहुण्यांचं भाषण, बक्षिसं, शेलापागोटे असं सगळं व्हायचं. पण माझा जीव शेवटच्या नाटकात अडकलेला.

सांगलीत वाढलेल्या पोराला नाटकाचं वेड लागायला वेगळं कारण लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीता स्वयंवर' केलं ते इथंच. 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, भावे नाट्यमंदिरात मोठमोठ्या नटांना भाव्यांच्या नावाचं पदक देतात. वडिलांचं बोट धरून मी एकदा तो सोहळा बघायला गेलो होतो. मागच्या भिंतीला टेकून उभ्या उभ्या बघितलं आणि घरी येताना ठरवून टाकलं, आपण नट व्हायचं. वडिलांना सांगितलं नाही. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "हो बाबा, हो. आधी हातपाय धू."

1967 साली मी अकरावीत होतो, म्हणजे तेव्हाच्या एस.एस.सी.ला. मराठीच्या सरांनी त्या वर्षी स्वतःच एकांकिका लिहिली. हरिपूरच्या संगमावरचा म्हातारा नावाडी, पुराची संध्याकाळ, आणि पलीकडं अडकलेली माणसं. नावाडी मी. सरांनी वहीत जांभळ्या शाईनं उतरवून दिलेली संहिता मी उशाखाली घेऊन झोपायचो. शेवटचं वाक्य होतं, "थांबा, मी शेवटच्या फेरीला येतोच." हे वाक्य सरांनी माझ्याकडून किती वेळा म्हणवून घेतलं असेल! "ओरडू नकोस रे. पलीकडं ऐकू जाणार नाही हे त्याला ठाऊक आहे. तरी तो म्हणतोय."

गॅदरिंग 23 डिसेंबरला होतं. 11 तारखेच्या पहाटे, सव्वाचार-साडेचारच्या सुमाराला, मांडणीवरची भांडी एकदम वाजायला लागली. आजी देवाचं नाव घेत अंगणात आली, आम्ही सगळे तिच्या मागं. दिवस वर आला तशी बातमी कळली, भूकंप कोयनानगरला होता. दीडशेवर माणसं गेली, हजारो बेघर झाली. शाळेत प्रार्थनेनंतर हेडसरांनी गॅदरिंग रद्द केल्याचं सांगितलं आणि त्याचे पैसे भूकंपग्रस्तांना द्यायचे ठरले. घराघरांतून घोंगड्या, कपडे, धान्य गोळा करत आम्ही फिरलो. नाटक गेलं याचं वाईट वाटतंय, हे मनाशीसुद्धा कबूल करायची लाज वाटत होती. मार्चमध्ये परीक्षा झाली आणि शाळा सुटली.

पुढं आय.टी.आय.त वायरमनचा कोर्स केला. मध्ये चार महिने मुंबईला एका नाटक मंडळीबरोबर सामान उचलायला होतो. एक दिवस काम मिळेल म्हणून रोज विंगेत उभा राहायचो. वडील अंथरुणाला खिळले, तसा परत आलो, आणि वीज मंडळात चिकटलो. लग्न, मुलं, रात्रपाळ्या. यात कुणी माझ्यावर अन्याय केला असं मला आजही वाटत नाही. पण कितीतरी वर्षं भावे नाट्यमंदिरावरून जाताना सायकल मी समोरच्या बाजूनं घ्यायचो, हे खरं आहे.

शाळेत परत गेलो तो सरांच्या निरोपामुळं. "तू आता विजेचा माणूस. गॅदरिंगचे दिवे तूच बघ." त्या वेळी आमच्याकडं डिमर होता तो मिठाच्या पाण्याचा. चिनी मातीचा जाड पाइप, तळाशी शिशाची एक चकती पक्की, दुसरी कोरड्या लाकडी दांडीला ठोकलेली. पाइपात पाणी आणि चिमूटभर मीठ. दांडी खाली सोडत नेली की चकत्या जवळ येणार, करंट वाढणार, स्टेजवर पहाट होणार. वर ओढली की संध्याकाळ. मीठ जास्त पडलं तर फ्यूज गेलाच म्हणून समजा. पायाखाली लाकडी पाट, हात कोरडे, आणि पोरांना दोन हात लांब बसवायचं. तासाभरात पाणी तापून वाफा यायला लागायच्या. या डिमरवर दिवा कधी पुरता विझायचा नाही. दांडी पार वर ओढली तरी बल्बच्या तारेत तांबूस धागा राहायचा, तो शेवटी बटण बंद करूनच घालवावा लागे. मला तो धागा फार आवडायचा. पडदा पडेपर्यंत मी बटणाला हात लावायचो नाही.

असे चाळीसेक डिसेंबर गेले. बाकं जाऊन सिमेंटचं स्टेज आलं, जिलेटीन कागदांच्या जागी रंग बदलणारे एल.ई.डी. आले. विंगेतून मला नटाचा चेहरा कधी समोरून दिसला नाही, नेहमी एका बाजूनं. एक कान, गालावर ओघळलेला रंग, आणि वाक्य विसरल्यावर घशाची होणारी हालचाल. इतक्या जवळून नाटक किती जणांनी बघितलंय?

2018 साली आमच्या बॅचला पन्नास वर्षं झाली. सर नव्हते. बरोबरचा एक जण, त्या नाटकात पलीकडच्या काठावरचा प्रवासी होता तो, ती जांभळ्या शाईची वही घेऊन आला. माझ्याकडून त्यानं कधी नेली, मला आठवत नाही. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी त्यातली शेवटची चार पानं स्टेजवर उभ्यानं वाचली. चष्मा लावून. सहासष्टाव्या वर्षी नावाड्याचा म्हातारा आवाज काढावा लागला नाही. कन्सोलवर नववीतली एक मुलगी होती, तिला मीच शिकवलेलं. "थांबा, मी शेवटच्या फेरीला येतोच" म्हटलं आणि तिनं दिवे हळूहळू उतरवले. अगदी बरोबर गतीनं. मग पुरता काळोख झाला. धागा राहिला नाही. मी तिथंच उभा राहिलो. मित्रानं दंड धरला आणि कानात म्हणाला, "चल की रे, पडदा पडतोय."

वही आता माझ्याकडं आहे. 2019 च्या पुरात ती माळ्यावर होती म्हणून वाचली. यंदा मराठीच्या बाईंनी झेरॉक्स मागून घेतलीय, आठवीची पोरं बसवतायत. नावाडी एक मुलगी आहे. काल तालमीला गेलो होतो, ती शेवटचं वाक्य जोरात ओरडते. बाईंना विचारून उद्या तिच्याशी बोलणार आहे.