चौथी पट्टी

सकाळी सायकलचं दुकान उघडून झाडू मारायला घेतला, तर कामाच्या टेबलाखाली प्लॅस्टिकची पिवळी पट्टी दिसली. आदल्या रात्री अशा चार काढून ठेवल्या होत्या. सायकली भरलेल्या तीन खोक्यांत तीन गेल्या, चौथी इथे. पोटात गोळाच आला.

चौथं खोकं काकांचं. वय 62, बँकेतून निवृत्त, मनालीहून सायकलने लेहला निघालेले. फोन लावला तर बंद. विमानात बसले असणार.

नवी सायकल येते तेव्हा ब्रेकच्या पॅडमध्ये ही पट्टी अडकवलेली असते. बहुतेक दुकानदार फेकून देतात, मी डब्यात साठवतो. सायकल विमानाने पाठवायची म्हणजे पुढचं चाक काढावं लागतं, आणि डिस्क ब्रेक तेलावर चालणारा असेल तर पॅडच्या मधली जागा रिकामी राहते. त्यात कोणी ब्रेक दाबला की पॅड ढकलणारे आतले पिस्टन पुढे येतात ते येतातच, मागे जात नाहीत. पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाकावरची धातूची चकती, म्हणजे डिस्क, काही केल्या आत जात नाही.

पॅकिंगला एरवी माझा हात बसलेला आहे. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवतो तो भाग, खोलून फ्रेमच्या आत बांधायचा, नाहीतर खोकं आपटलं की त्याला धरणारा हँगर वाकतो. फ्रेमला प्लंबरकडे मिळते ती फोमची नळी. टायरमधली हवा कमी करायची, पण सगळी नाही. थोडी असली की रिम वाचते. सीटची उंची इन्शुलेशन टेप गुंडाळून नोंदवायची. काकांच्या गुडघ्याला तीच उंची सोसते, म्हणून तर मनालीत भाड्याने सायकल मिळत असूनही त्यांनी स्वतःचीच नेली. मला ते पटलंही होतं.

पण ते आले रात्री नऊला, आणि येण्याआधी घरी डावं पॅडल काढायचा प्रयोग करून आले. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. काकांनी ते नेहमीसारखं फिरवून असं काही आवळलं होतं की पान्याला पाइप लावून जोर काढावा लागला. सीटखालच्या पिशवीत हवा भरायची गॅसची नळकांडी निघाली, ती विमानतळावर अडवतील म्हणून काढून ठेवली. साडेअकराला खोक्यावर शेवटची टेप मारली. त्या गडबडीत पट्टी राहिली. चूक माझीच, पॅडलवर ढकलण्यात अर्थ नाही.

दिवसभर फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाच आला, मनालीच्या हॉटेलातून.

‘अरे, पुढचं चाक बसत नाहीये.’

‘काका, ब्रेक दाबला होता का?’

पलीकडे जरा शांतता. ‘एकदाच. सहज बघितला.’

व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी कुठूनसा स्क्रू ड्रायव्हर आणलाच होता. मी ओरडलोच, ‘तो आधी खाली ठेवा!’ पॅडला ओरखडे पडले असते तर पुढे बारालाचा, लाचुलुंग, टांगलांग या खिंडी. शेवटची खिंड 5,300 मीटरच्या वर, आणि प्रत्येक चढानंतर उतार. टायर काढायची प्लॅस्टिकची लिव्हर घ्यायला लावली. तिचं पातळ टोक पॅडच्या फटीत घालून हळूहळू तिरकं करायचं, दोन्ही बाजूंनी, घाई नाही. स्क्रीनवर मला फक्त त्यांचा अंगठा आणि मागची गुलाबी चादर दिसत होती. पंधरा मिनिटं गेली. मग ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि काका म्हणाले, ‘गेली रे डिस्क आत.’

ब्रेक कडक लागेपर्यंत दाबून घ्यायला लावला, चाक फिरवून घासण्याचा आवाज ऐकला, पॅड ज्यात बसतात त्या कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून, ब्रेक धरून, पुन्हा आवळून घेतले. नशीब हे मनालीत झालं. पुढे खिंडीत कुठला व्हिडिओ कॉल लागायला!

तीन आठवड्यांनी काका खोकं घेऊन दुकानात हजर. लेहमध्ये पॅकिंग स्वतःच केलं होतं आणि ते मला दाखवायचं होतं. उघडलं. ब्रेकच्या पॅडमध्ये बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा, नीट चार घड्या घालून खोचलेला. मी काही बोलणार तेवढ्यात खालचा पुठ्ठा फाटलेला दिसला. त्यातून डावं पॅडल बाहेर डोकावत होतं.

‘ते निघेना रे,’ काका म्हणाले. ‘खूप जोर लावला.’

मी पाना आणि पाइप काढला.